काळा समुद्र, पांढरा समुद्र आणि आजीचा फोटो: ब्लॅक अँड व्हाइटची तयारी घरूनच का करावी लागते?

"ह्यात मी कुठं हाय गं?"

फोन डोळ्यांजवळ नेऊन आजीनं विचारलेला हा प्रश्न मी अजून विसरलेले नाही.

औसा तालुक्यातल्या आमच्या गावातून आम्ही नऊ जण क्रूझरमध्ये बसून देवदर्शनाला निघालो होतो. तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर, ज्योतिबा आणि शेवटी गणपतीपुळे. आपल्याकडच्या बऱ्याच घरांना समुद्र दिसतो तो असा, देवाच्या वाटेवर. आजीनं अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर संध्याकाळी ती पाण्याकडे तोंड करून कितीतरी वेळ नुसती उभी होती. मी तेव्हा मास कम्युनिकेशनच्या पहिल्या वर्षाला. फोनचा मोनो मोड लावला आणि तिचा फोटो काढला. मनात पक्कं होतं, हा फोटो भारी येणार.

फोटोत समुद्र होता, आकाश होतं, खाली काळी वाळू होती. आजी मात्र वाळूत मिसळून गेली होती. गडद हिरवं लुगडं आणि काळी वाळू, दोन्हींचा एकच करडा रंग झाला होता. मोनो मोडमध्ये काढल्यामुळे फोटोत रंग शिल्लकच नव्हते, त्यामुळे दुरुस्तही करता येईना.

नांदेड-लातूरकरांना समुद्र वर्षातून एकदा दिसला तरी खूप. पुढच्या शनिवारी परत येऊन काढू, असं म्हणायची सोय आपल्याला नाही. म्हणून समुद्राचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो कसा ठरवायचा, कसा काढायचा आणि कसा एडिट करायचा, हे रत्नागिरीचं उदाहरण घेऊन बघू. त्या फोटोचं पुढे काय झालं, तेही सांगते.

रत्नागिरीच का?

नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा, तुळजापूर. या गावांतून जाणारा नागपूर-रत्नागिरी महामार्ग आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. तोच पुढे सोलापूर, सांगली, कोल्हापूर करत आंबा घाट उतरतो आणि रत्नागिरीजवळ मिऱ्या इथं समुद्राला भिडतो. रत्नागिरीत त्याला 'मिऱ्या-नागपूर महामार्ग' असंच म्हणतात. लातूरहून अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, नांदेडहून सहाशेच्या आसपास. म्हणजे आपल्या दारातल्या रस्त्याचं एक टोक समुद्रात आहे.

आणि तिथं एक गंमत आहे. रत्नागिरीतले लोक एका बाजूच्या किनाऱ्याला 'काळा समुद्र' म्हणतात आणि दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्याला 'पांढरा समुद्र'. मधे रत्नदुर्ग किल्ल्याचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. काळा समुद्र म्हणजे मांडवीची बाजू. इल्मेनाइटसारख्या जड, काळ्या खनिजांमुळे तिथली वाळू गडद दिसते. पांढरा समुद्र म्हणजे मिऱ्याची बाजू, तिथली वाळू फिकी आहे. पाणी दोन्हीकडे एकच, नावं पडली ती वाळूवरून.

ब्लॅक अँड व्हाइट शिकायला यापेक्षा चांगली शाळा कुठली? एकाच गावात गडद पार्श्वभूमी आणि उजळ पार्श्वभूमी, दोन्ही मिळतात.

रंग काढला की नेमकं होतं काय?

इथंच बहुतेकांची गल्लत होते. आपल्याला वाटतं, ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे रंग पुसून टाकायचा. पण रंग पुसला जात नाही, त्याचं रूपांतर उजेडात होतं. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. त्यांना वजन देऊन एकच आकडा तयार केला जातो. नेहमीच्या हिशेबात हिरव्याला साधारण ५९ टक्के, लालला ३० टक्के आणि निळ्याला ११ टक्के वजन असतं, कारण आपल्या डोळ्यांनाही हिरवा सगळ्यात उजळ आणि निळा सगळ्यात मंद दिसतो.

याचा परिणाम असा, की डोळ्यांना पूर्ण वेगळे दिसणारे दोन रंग ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सारखे होऊ शकतात. सूर्यास्ताच्या वेळी नारिंगी आकाश आणि निळसर-हिरवं पाणी किती सुंदर दिसतं! दोन्हींचा उजेड सारखा असेल तर फोटोत मात्र वर करडं, खाली करडं आणि मधली क्षितिजाची रेघ गायब.

यावर उपाय म्हणजे वजनं बदलणं. नांदेडच्या वाचकांसाठी सोपं उदाहरण: हुजूर साहिबच्या होला महल्ल्यात केसरी आणि निळ्या पगड्या शेजारी शेजारी दिसतात. तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना लालला जास्त वजन दिलं तर केसरी पगडी उजळते आणि निळी काळीभोर होते. निळ्याला वजन दिलं तर उलट, केसरी गडद आणि निळी फिकी. फोटो तोच, पगड्या त्याच. फिल्मच्या काळात हेच काम लेन्सवर लाल किंवा पिवळी काच लावून व्हायचं. आता ते एडिटिंगमध्ये होतं.

आता यातली खरी युक्ती बघा. ही वजनं बदलली तरी ज्याला रंगच नाही, त्याच्यावर काही फरक पडत नाही. काळी वाळू, पांढरा फेस, राखाडी ढग हे जवळपास बिनरंगी असतात, ते जागचे हलत नाहीत. रंगीत असतं ते हलतं: लुगडं, छत्री, होडी, जांभ्या दगडाची भिंत, चेहरा. म्हणजे काळ्या समुद्रावर तुम्ही जे रंगीत आणून उभं कराल, त्याचा उजेड नंतर तुमच्या हातात राहतो. अट एकच, फोटो रंगीत काढलेला हवा.

तारीख ठरवा, आणि त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर बघा

गोदावरीचं पाणी सकाळी जिथं असतं, तिथंच बहुतेक संध्याकाळीही असतं. समुद्राचं तसं नाही. साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते, म्हणजे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. आणि रोज ती वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

कोकणात याचा एक जुना तोंडी हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अमावस्याही पंधराच धरायची. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते.

म्हणजे पौर्णिमा किंवा अमावस्येला भरती सव्वाअकराला, तर ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. नेमकी सूर्यास्ताच्या आधी! या दिवसांत उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. पाणी लांब मागे जातं, ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यात आकाशाचं प्रतिबिंब दिसतं. अष्टमीच्या आसपास 'भांग' असतो, पाण्याचा चढउतार कमी होतो आणि सूर्यास्ताला पाणी वर चढलेलं असतं.

मग सोपं आहे. ओल्या वाळूतलं प्रतिबिंब आणि लांबलचक मोकळा किनारा हवा असेल तर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास जा. बंधाऱ्यावर, खडकांवर आपटणारं पाणी लांबून टिपायचं असेल तर अष्टमीच्या आसपास. हा हिशेब ट्रिपची तारीख ठरवण्यापुरता. किनाऱ्यावर जाण्याआधी त्या दिवसाचं रत्नागिरीचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायलाच हवं, कारण तोंडी हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो.

महिना कुठला निवडायचा? पावसाळ्यात ढग जबरदस्त असतात, पण समुद्र खवळलेला असतो. जून-जुलैमध्ये मासेमारीसुद्धा बंद असते. पाऊस संपल्यावर हवा धुऊन निघालेली असते, आकाश निळं असतं आणि त्यात अधूनमधून पांढरे ढग असतात. एडिटिंगमध्ये गडद करायला असं निळं आकाशच लागतं. उन्हाळ्यात किनाऱ्यावर धुरकट पांढरं आकाश असतं. त्यात निळा रंगच नसतो, त्यामुळे लाल फिल्टर लावूनही ते काळं होत नाही.

किती वाजता आणि कुठं उभं राहायचं?

कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य जमिनीकडून उगवतो आणि समुद्रात मावळतो. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून समुद्रावर पडतं, माणसांचे चेहरे आणि लाटांचे तपशील नीट दिसतात. संध्याकाळी सूर्य समोर असतो, माणसं आणि होड्या काळ्या आकृत्या होतात. चेहरा दाखवायचा असेल तर सकाळ, आकृती दाखवायची असेल तर संध्याकाळ.

आणखी एक छोटी गोष्ट. नांदेड आणि रत्नागिरी यांच्या रेखांशात साधारण चार अंशांचा फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटं लागतात. त्यामुळे रत्नागिरीत सूर्य आपल्यापेक्षा पाव तासाच्या आसपास उशिरा मावळतो. घरच्या अंदाजानं "आता संपला उजेड" म्हणून कॅमेरा बॅगेत टाकू नका. सूर्य बुडाल्यानंतरची वीस मिनिटंही ब्लॅक अँड व्हाइटसाठी फार चांगली असतात, कारण सावल्या मऊ होतात आणि लाटा जास्त वेळ उघड्या शटरनं टिपता येतात.

जागा तीन. मांडवी म्हणजे काळा समुद्र, इथं उजळ विषय शोधा: फेसाची रेघ, पांढरा सदरा, फिकी छत्री. पांढऱ्या समुद्राच्या बाजूला गडद विषय शोधा: होडी, माणसाची सावली, धूप रोखण्यासाठी घातलेला बंधारा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज भरकटून मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं होतं आणि पुढे कित्येक वर्षं तिथंच गंजत पडलं होतं. फिक्या पाण्याजवळ गडद लोखंड, म्हणून अनेकांनी त्याचे फोटो काढले. तिसरी जागा रत्नदुर्गाचा डोंगर. तिथून समुद्र उंचावरून दिसतो, शिवाय जवळच दीपगृह आहे.

कपडे आधी ठरवा

हे वाचून हसू येईल, पण माझी चूक इथंच झाली होती. फोटोत कुणाला उभं करायचं आहे आणि मागे काय असणार आहे, याचा विचार बॅग भरतानाच करा. काळ्या वाळूवर पांढरं, पिवळं, फिकं काहीही चालेल. फिक्या वाळूवर गडद लुगडं, काळी घोंगडी, निळी जीन्स चालेल. बारीक नक्षीच्या कपड्यांपेक्षा एकरंगी कपडा बरा, लांबून तो एकाच आकारात दिसतो.

कुणाला कपडे बदलायला लावायचे नसतील तर जागा बदला. आजीला गडद लुगड्यातच फोटो हवा होता, तर मी तिला पांढऱ्या समुद्राकडे न्यायला हवं होतं. किंवा मांडवीलाच दोन पावलं खाली बसून कॅमेरा थोडा वर केला असता, तरी तिच्या मागे वाळूऐवजी चमकणारं पाणी आलं असतं.

फोटो काढताना चार गोष्टी

पहिली, फोटो रंगीतच काढा. जमत असेल तर रॉ फाइलमध्ये. साध्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. आकाश गडद करताना जेपेगमध्ये पट्टे पडतात, रॉमध्ये ते कमी पडतात. समोर ब्लॅक अँड व्हाइट दिसावं म्हणून कॅमेऱ्याचा मोनो मोड लावायचा असेल तर जेपेगसोबत रॉ साठवायलाही सांगा.

दुसरी, कॅमेऱ्यावर विश्वास ठेवू नका. समोर जे आहे ते मध्यम करडं असावं, असं कॅमेरा धरून चालतो. काळी वाळू दिसली की त्याला वाटतं उजेड कमी आहे, तो फोटो उजळ करतो, वाळू राखाडी होते आणि आकाश जळून पांढरं पडतं. पांढऱ्या वाळूवर तो उलट करतो, सगळं मळकट होतं. म्हणून काळ्या समुद्रावर एक्स्पोजर थोडं कमी करा आणि पांढऱ्या समुद्रावर थोडं वाढवा. बहुतेक फोनमध्ये स्क्रीनवर बोट ठेवलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली-वर सरकवायचं. फेस किंवा ढग पूर्ण पांढरे पडणार नाहीत, एवढी मर्यादा ठेवा. जळालेल्या पांढऱ्यातून नंतर काहीच परत येत नाही.

तिसरी, लाट कशी हवी ते ठरवा. सेकंदाच्या १/१००० ला शटर ठेवलं तर उडालेला थेंबन् थेंब गोठतो. अर्धा ते एक सेकंद ठेवलं तर परतणाऱ्या लाटेच्या रेघा दिसतात. तीस सेकंद ठेवलं तर समुद्र धुक्यासारखा सपाट होतो. दिवसा तीस सेकंदांसाठी लेन्ससमोर गडद काच, म्हणजे एनडी फिल्टर लावावा लागतो. दहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो, म्हणजे १/३० सेकंदाचा फोटो अर्ध्या मिनिटाचा होतो. फोनवर प्रो मोड असेल तर सूर्यास्तानंतर अर्ध्या-एक सेकंदाचा प्रयोग करता येतो. आयफोनमध्ये लाइव्ह फोटो काढून त्याला नंतर 'लाँग एक्स्पोजर'चा परिणाम देता येतो. ट्रायपॉड नसेल तर फोन कठड्यावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

चौथी, क्षितिज. ते सरळ हवं, आणि माणसाच्या गळ्यातून किंवा डोक्यातून जायला नको. खांद्यांच्या खाली ठेवा, डोकं आकाशात मोकळं राहू द्या.

फोटोपेक्षा जीव मोठा

आपण नदीकाठचे, विहिरीत पोहणारे. त्यामुळे समुद्राचा अंदाज आपल्याला हमखास चुकतो. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून जास्त विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं.

समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. ओल्या, शेवाळलेल्या खडकांवर आणि बंधाऱ्याच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उतरू नका. ओहोटीला पुढे गेलात तर मागे यायची वाट आणि वेळ आधी ठरवून ठेवा. एक जण फोटो काढत असेल तर दुसऱ्यानं फक्त पाण्याकडे लक्ष ठेवायचं. आणि स्थानिक माणूस "तिथं जाऊ नका" म्हणाला तर विषय संपला.

कॅमेऱ्याचीही काळजी घ्या. लाटांचे खारे शिंतोडे लेन्सवर बसले की फोटो पुसट येतो. स्वच्छ सुती कापड खिशात ठेवा आणि दर थोड्या वेळानं लेन्स पुसा.

एडिटिंग: सहा पायऱ्या

स्नॅपसीड आणि लाइटरूम, दोन्ही फोनवर चालतात. क्रम मात्र हाच ठेवा.

१. सरळ करा, कापा. आधी क्षितिज सरळ करा. मग कडेला आलेली अर्धी माणसं, प्लास्टिकच्या बाटल्या कापून टाका.

२. रंगाची वजनं बदला. नुसतं सॅच्युरेशन शून्यावर नेऊ नका. स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइट टूलमध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर असतात. लाइटरूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर प्रत्येक रंगाचा वेगळा स्लायडर मिळतो. निळा खाली आणला की आकाश गडद होतं. हळूहळू आणा, जास्त ओढलं की आकाशात दाणे आणि पट्टे दिसतात. नारिंगीवर चेहऱ्याचा उजेड ठरतो. तो थोडाच हलवा, सावळा चेहरा गोरा करून टाकायचा हा स्लायडर नाही. निळा फिल्टर चेहऱ्यावर लावला तर डाग आणि सुरकुत्या गडद होतात, हेही ध्यानात ठेवा.

३. काळा आणि पांढरा टोक ठरवा. फोटोत कुठंतरी खरा काळा आणि कुठंतरी खरा पांढरा असला की फोटोत जीव येतो. हिस्टोग्राम डाव्या आणि उजव्या टोकाला नुसता टेकला पाहिजे, भिंतीला चिकटून उभा राहायला नको. आपल्या काळ्या रानाचं ढेकूळ आठवा. ते काळं असतं, पण त्यातल्या भेगा दिसतात. वाळूतही तसा तपशील राहू द्या.

४. जागेपुरता उजेड बदला. डार्करूममध्ये कागदावर हातानं प्रकाश अडवून एखादा भाग उजळ ठेवायचे किंवा जास्त प्रकाश देऊन गडद करायचे. ब्रश टूलनं तेच करा. ज्याच्याकडे बघायचं आहे ते किंचित उजळ, चारही कोपरे किंचित गडद. "एडिट केलंय" हे बघणाऱ्याला कळलं, तर अर्धं मागे घ्या.

५. डाग काढा. ब्लॅक अँड व्हाइट आकाशात लेन्सवरचा एक खारा थेंबही डोळ्यात खुपतो. हीलिंग टूलनं काढा.

६. थांबा. फोटो बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. रात्री अंधाऱ्या खोलीत पूर्ण उजेडाच्या स्क्रीनवर एडिट केलेला फोटो दिवसा काळवंडलेला दिसतो.

आकाश बदललं तर चालतं का?

हा वाद नवा नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समधला गुस्ताव्ह ले ग्रे समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या. समुद्र नीट आला की आकाश जळून पांढरं व्हायचं. म्हणून काही फोटोंसाठी तो समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी, अशा दोन निगेटिव्ह घ्यायचा आणि एकाच कागदावर छापायचा. क्षितिजाच्या रेघेवर जोड लपून जायचा.

आज एका बटणावर ढग बदलतात, पक्षी उडतात. भिंतीवर लावायच्या फोटोत तुम्ही काय करायचं ते तुमचं. पण बातमी म्हणून, किंवा "आज मिऱ्याला असा समुद्र होता" असं सांगून फोटो टाकत असाल तर समोर जे नव्हतं ते घालू नका आणि जे होतं ते काढू नका. उजेड कमी-जास्त करणं वेगळं आणि वादळ आणून ठेवणं वेगळं. समुद्राचा खोटा फोटो किनाऱ्यावरच्या गावांत घबराट पसरवू शकतो.

जायच्या आधी घरी सराव

नांदेडकरांना नगीना घाट, बंदा घाट आणि विष्णुपुरीचं पाणी आहे. सूर्यास्ताला पाण्यासमोर एका माणसाला उभं करा, रंगीत फोटो काढा आणि वर सांगितलेल्या सहा पायऱ्या करून बघा. लातूरकरांनी सकाळी गंजगोलाई गाठावी. तिथं सोळा रस्ते एकत्र येतात, प्रत्येक रस्त्यावर ऊन वेगळ्या कोनातून पडतं. सावलीत पांढरं धोतर कसं दिसतं, उन्हात लाल मिरची कशी दिसते, हे पाहून घ्या. लाल फिल्टर लावला की तीच मिरची पांढरट होते! दोन रविवार एवढा सराव केला तरी समुद्रावर गेल्यावर बोटं अडखळत नाहीत.

पोस्ट करताना

इन्स्टाग्रामसाठी उभा फोटो १०८० बाय १३५० पिक्सेलमध्ये चांगला बसतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर फाइल दाबली जाते आणि गुळगुळीत आकाशात चौकोन दिसू लागतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मूळ रंगीत फाइल कधीही डिलीट करू नका. का, ते माझ्याकडून ऐका.

आजी सापडली

त्या संध्याकाळी माझ्या शेजारी उभं राहून चुलतभावानंही आजीचा फोटो काढला होता, रंगीत. त्यानं तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि आम्ही सगळे विसरून गेलो. आजी गेल्यावर कुणीतरी ग्रुपमधले जुने फोटो वर काढले, त्यात तो निघाला. व्हॉट्सॲपनं दाबलेली छोटी फाइल, जेमतेम १६०० पिक्सेलची. पण त्यात रंग होता.

मी तो ब्लॅक अँड व्हाइट केला. आधी पुन्हा तेच झालं, लुगडं वाळूत विरघळलं. मग हिरव्याचा स्लायडर हळूहळू वर नेला. वाळू जिथल्या तिथं राहिली, कारण तिला रंग नव्हता. लुगडं उजळत गेलं. आधी पदराची कड दिसली, मग खांदा, मग कमरेवर ठेवलेला हात. निळा थोडा खाली आणल्यावर समुद्र तिच्या मागे गडद झाला.

सहा बाय आठ इंचाची प्रिंट काढली, १६०० पिक्सेलमध्ये तेवढी नीट निघते. औशात फ्रेम करून घेतली. आता ती घरात देवळीशेजारी लावलेली आहे. येणारा-जाणारा विचारतो, "मागं केवढं पाणी, कुठलं धरण हे?" मग आई सांगते, "धरण नाही, रत्नागिरीचा समुद्र. आन् ही आमची आत्याबाई."